आप्पांच्या मापाची गाडी

आमच्या घरात दुसरी वस्तू टिकत नाही. मोडते असं नाही. दुसरी आली, की तीच पहिली होते आणि आधीची पहिली गावाला जाते. दुसरा फ्रिज आला तेव्हा जुना फुलंब्रीच्या पुढं आमच्या गावी गेला. आता त्यात बियाणं ठेवतात, कारण त्याला उंदीर लागत नाही. दुसरा सोफा आला तेव्हा जुन्या सोफ्यावर माझ्या चुलतभावाच्या कोंबड्या बसायला लागल्या. माझा लग्नातला सूट त्याच वाटेनं गेला आणि ज्वारीच्या रानात पाखरं राखायला उभा राहिला. लांबून बघितलं की मीच उभा आहे असं वाटायचं. पाखरंही त्याला तेवढीच घाबरायची, जेवढी घरातली माणसं मला घाबरतात.

त्यामुळं पन्नाशीच्या तोंडावर एका संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं, की मला दुसरी मोटरसायकल घ्यायचीय, तेव्हा सगळ्यात आधी आप्पांचा घास हातात थांबला. आप्पा म्हणजे माझे वडील. ताटात दुधात भाकर चुरत होते.

"दुसरी म्हंजे?"

"म्हणजे आहे ती राहणार. शिवाय अजून एक."

"कशाला?"

"अशीच. हौस म्हणून."

आप्पांनी सुनेकडं पाहिलं. "ह्याला काय झालंय?"

"काय नाही आप्पा. मी या घरात आले तेव्हापासून असंच आहे," बायको म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "अहो, पहिल्या गाडीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

पहिल्या गाडीनं माझं काहीच केलं नव्हतं, हीच तिच्याबद्दलची तक्रार होती. ती सुरू होते, चालते, थांबते. पेट्रोल नुसतं हुंगते. तिच्यावर बसलेला माणूस पोस्टाचा बटवडा करायला निघालाय असं वाटतं. आणि मला हवी होती स्क्रॅम्बलर. मुलीनं मोबाइलवर दाखवली होती आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली होती. रुंद हँडल, गोल दिवा, दातेरी टायर, लांब सपाट सीट आणि खालून न जाता वर वळून मांडीच्या उंचीवरून गेलेला सायलेन्सर. थोडक्यात, डोंगरातून आल्यासारखी दिसणारी, पण जालना रोडवरून जाणारी गाडी.

"पप्पा, ही गाडी घेणारे लोक दगडधोंड्यातून जातात," मुलगी म्हणाली. "तुम्ही तर गल्लीतल्या स्पीडब्रेकरला आधी थांबता, मग विचार करता, मग जाता."

"दगडधोंड्यातून तर आपला दूधवाला रोज जातो," आप्पा म्हणाले. "कॅना लावून. त्याला कुणी म्हणत नाय, लई हौशी हाय म्हणून."

विषय तिथं संपला असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि कुकरच्या आडोशानं हळू आवाजात विचारलं, "आप्पा काल जेवले नाहीत नीट. कळलं का कामून?"

मला कळलं नव्हतं. मी कंपनीत खरेदी विभागात आहे, दिवसभर दुसऱ्यांसाठी नटबोल्ट निवडतो. घरातलं मला कुणीतरी सांगावं लागतं.

तिनं सांगितलं. गुडघा आखडल्यापासून आप्पा आमच्याकडं पुंडलिकनगरात राहतात. उजवा पाय फार वाकत नाही. कारमध्ये बसवलं, की गावाच्या वाटेवरचं हर्सूल यायच्या आत त्यांना मळमळायला लागतं, आणि एसटीच्या पायऱ्या गुडघ्याला झेपत नाहीत. राहिली माझी जुनी मोटरसायकल. दर रविवारी मी त्यांना तिच्यावर बसवून गावाला नेतो. शेत बटईनं चुलतभावाकडं आहे, तिथं आप्पांना करायला तसं काही नसतं. ते बांधावर उभे राहतात, चुलतभावाचं काय काय चुकलंय ते त्याला सांगतात, चहा पितात आणि संध्याकाळी परत येतात. बाकीचे सहा दिवस गॅलरीत बसून ते फक्त रविवारची वाट बघत असतात.

"त्यांनी असं धरलंय, की नवी आली म्हणजे जुनी गावाला जाणार. आजवर तसंच झालंय. आणि नवी आहे ही एवढी उंच. तिच्यावर त्यांना बसता येणार नाही." बायकोनं कुकरची शिट्टी होऊ दिली. "म्हणजे त्यांचा रविवार बंद."

"अगं, जुनी कुठं जाणार नाहीये!"

"ते त्यांना सांगा. तुमच्या भावाचा फोन येऊन गेला सकाळीच."

तो मलाही येऊन गेला होता. "दादा, जुनी कधी आणायलात? टाकी भरूनच आणा." ही बातमी त्याला दिली होती खुद्द आप्पांनीच. स्वतःचं नुकसान होणार अशी खात्री असली, की ते तयारीला उशीर करत नाहीत.

मी आप्पांना समजावलं. ते "व्हय, व्हय" म्हणाले. फ्रिजच्या वेळीही मी असंच समजावलं होतं, याची त्यांनी आठवण करून दिली नाही, तेवढा त्यांचा मोठेपणा. शेवटी बायकोनंच निकाल दिला. "आप्पा ज्या गाडीवर बसू शकतील ती घ्या. नाहीतर हौस पोटात ठेवा. तिथं जागा आहे तुमच्या."

पोटाचा विषय मी वाढवला नाही.

आता आप्पा मोटरसायकलवर कसे बसतात ते सांगायला पाहिजे. खालून टांग टाकून नाही. ते त्यांना जमतच नाही. त्यांना ओटा लागतो. मी गाडी ओट्याला घासून उभी करायची, धरून ठेवायची. आप्पा ओट्यावरून आधी बूड सीटवर टेकवणार, मग हातानं उजवा पाय उचलून पलीकडं टाकणार, मग धोतराचा सोगा मांडीखाली दाबणार आणि माझ्या खांद्यावर दोन थापा मारणार. थापा पडल्या, की निघायचं. बैलगाडीत बसायचे तेव्हा ते बांधावरून असेच बसायचे आणि बैलांना अशाच थापा मारायचे, एवढं मी मनाला लावून घेत नाही. आमच्या सगळ्या रविवारचा नकाशा ओट्यांवरून ठरलेला आहे. चहा कुठं प्यायचा, तर ज्या हॉटेलाला ओटा आहे तिथं. चहा वाईट असला तरी.

मी आधी एकटाच दोन शोरूम फिरून आलो. सवयीनं तीन ठिकाणचे भाव घेतल्याशिवाय मी गुलमंडीच्या बाजारात बनियनसुद्धा घेत नाही. पहिल्या ठिकाणची गाडी इतकी उंच होती, की तिच्यावर बसल्यावर माझ्याच पायाची फक्त बोटं जमिनीला लागली आणि मी सिग्नलला उभ्या असलेल्या नर्तकीसारखा दिसायला लागलो. दुसऱ्या ठिकाणच्या गाडीला मागची सीट म्हणून जे होतं ते एखाद्या शाळकरी डब्याएवढं होतं. तिसऱ्या वेळी रविवार होता. मी आप्पांना जुन्या गाडीवर घेऊन जालना रोडवरच्या तिसऱ्या शोरूमला गेलो.

आप्पा धोतर, टोपी आणि टोपीवरूनच घातलेलं हेल्मेट अशा वेशात काचेच्या दारातून आत गेले. सेल्समन पोरसवदा आणि हसरा होता.

"आइए अंकल! कुणासाठी बघायचीय गाडी?"

"ह्याच्यासाठी," आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. "पण बसायचं मला हाय."

तिथं ती उभी होती. हिरव्या टाकीची, सपाट सीटची. पाय टेकत होते, मी बघून घेतलं. आप्पांनी तिला एक फेरी मारली. सीटवर हात ठेवला आणि तो हात तसाच आपल्या कमरेपर्यंत आणला.

"उंच हाय," ते म्हणाले. त्या दोन शब्दांत सगळे रविवार होते.

"अंकल, फुटरेस्टवर पाय ठेवा, मी पकडतो ना. आराम से."

"फुटरेस्टवर उभं ऱ्हायाला गुडगा तुमचा लावू का?" मग त्यांची नजर बाहेर गेली. शोरूमच्या दारात फरशीचा एक ऐसपैस ओटा होता, फुलांच्या कुंड्या ठेवायला. "ती गाडी तिकडं न्या. अन् कुंड्या उचला."

"कुंड्या?"

"तुम्ही उचला, न्हाई तर मी उचलतो."

वॉचमन आला, सेल्समन आला, कुंड्या हलल्या. गिऱ्हाइकांना चालवून बघायला शोरूमची वेगळी गाडी होती, तीही अगदी तशीच हिरवी. ती ओट्याला लागली. आप्पा ओट्यावर चढले आणि बसले. म्हणजे बसले हे मला थापांवरून कळलं. एरवी आधी एक "आई गं" ऐकू येतं; या वेळी आलं नाही. पण त्या घडीला मी एवढा हुरळलो होतो, की काय ऐकू आलं नाही याकडं कोण लक्ष देतो?

"सर, बस एक चक्कर," सेल्समन म्हणाला. "पुढच्या सिग्नलवरून यू-टर्न."

जुनी गाडी आमच्या परतीची हमी म्हणून त्याच्या दारात होतीच. आम्ही निघालो.

मी काय सांगू! तिचा आवाज पोटातून यायचा, जुनीचा नाकातून येतो. रुंद हँडल धरलं, की आपोआप छाती पुढं येते आणि पोट त्यामागं लपतं. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. तो आप्पांच्या हेल्मेटातून बाहेर आलेल्या टोपीकडं बघत होता हे मला नंतर कळलं.

"आप्पा, वळू का?"

"आज रविवार हाय."

"पण तो म्हणाला, एकच चक्कर..."

"मग चक्करच मारायची ना. हर्सूलला जाऊन वळ."

त्यांना अजून "हो" म्हणायचं होतं, आणि ज्याच्या हातात आपला "हो" आहे त्याला कुणी "नाही" म्हणत नसतं. मी हर्सूलच्या दिशेनं वळलो. वाटेत जाधववाडीचा बाजार लागला. आप्पांनी खांद्यावर एकच थाप मारली. एक म्हणजे थांब.

"पेंड घ्यायची ऱ्हायली."

आमच्याकडं गावाला गाडी रिकामी नेत नाहीत. गाडी गावाच्या दिशेला वळली, की तिच्यावर काहीतरी चढतंच, मग ती लग्नाला निघालेली असो की दवाखान्याला. आप्पांच्या दृष्टीनं हर्सूल म्हणजे निम्मं गाव. मी म्हणालो, आप्पा, गाडी आपली नाही. ते म्हणाले, पेंड तर आपली हाय. पेंडवाला ओळखीचा, त्यानं सरकीच्या पेंडेचं अर्धं पोतं आमच्या दोघांच्या मधे आडवं टाकून दिलं, जसं तो दर रविवारी टाकतो. आप्पांनी त्यावर हात ठेवले. माझ्या पाठीला ओळखीचा आधार मिळाला. मला कुठंच काही चुकतंय असं वाटलं नाही.

चूक उजव्या बाजूला होती. जुन्या गाडीचा सायलेन्सर खाली जमिनीपाशी असतो. या गाडीचा वर, बरोबर पोत्याचं टोक लोंबतं तिथं. त्यावर जाळी बसवलेली असते, पण पोत्याचा कोपरा जाळीच्या खाली जाऊन बसला होता. स्क्रॅम्बलर बनवणाऱ्यांनी नदी, खडक, वाळवंट या सगळ्याचा विचार केला असेल. सरकीच्या पेंडेचा केला नव्हता.

हर्सूल मागं पडलं तेव्हा मी वळलो नाही. कारण आप्पा बोलत होते. कुठली विहीर कुणाची, कुणाच्या सोयरिकीत काय घोळ झाला. चौका गाव जवळ आल्यावर ते मधेच थांबले आणि म्हणाले, "कुणीतरी लई खमंग भाजायलंय रे."

"हॉटेल असेल."

"हॉटेल आपल्यासंगंच चाललंय का मग?"

मी आरशात पाहिलं. मागं रस्त्यावर पेंडेची एक बारीक रेघ पडत आली होती. त्या रेघेवरून, एकामागं एक, शाळा सुटल्यासारख्या शेळ्या पळत येत होत्या. त्यांच्या मागं खांद्यावर काठी घेतलेला मेंढपाळ पळत होता आणि आमच्या नावानं ओरडत होता. मी घाबरून गाडी कडेला घेतली. पोत्याचा कोपरा वितळून सायलेन्सरला चिकटला होता आणि भाजलेली पेंड भसाभसा खाली येत होती. आप्पांना मी कसंबसं उतरवलं. तेवढ्यात शेळ्या पोचल्या. एकीनं पुढचे दोन पाय थेट सपाट सीटवर ठेवले आणि ती माझ्याकडं बघून चावायला लागली. तिला ती सीट फार आवडली असावी.

"ओ पाव्हणं!" मेंढपाळ धापा टाकत आला. "माझ्या शेळ्या पळवून नेता का काय?"

"आम्ही कुठं नेतोय, त्याच येताहेत!" मी म्हणालो.

"आता घरी चारा खातील व्हय ह्या? भाजून दिली तुम्ही पेंड! चटावल्या की समद्या."

"दूध वाढंल," आप्पा म्हणाले.

"वाढल्यावर तुम्हीच येणार का रोज भाजून टाकायला?"

यावर दोघं हसले आणि पाचच मिनिटांत एकमेकांची गावं, पाहुणे, गेल्या वर्षीचं पाणी असं सगळं निघालं. मी एकटाच हातरुमालानं सायलेन्सर पुसत होतो. रुमालही चिकटला. आणि फोन वाजला.

"सर, कहाँ हो आप?"

"हे काय, इथंच. हर्सूलच्या जरासं पुढं."

"सर, पीछे बकरी की आवाज़ आ रही है."

"रहदारी आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मग माझ्या लक्षात आलं, की खरी अडचण अजून यायचीच आहे. आजूबाजूला ओटा नव्हता. घर नाही, हॉटेल नाही, नुसता रस्ता. आप्पा चढणार कुठून? त्यांच्याही लक्षात आलं. ते बोलणं सोडून गाडीच्या उंच सीटकडं बघत राहिले. ती नजर मी गॅलरीत रोज बघतो.

"न्हाई जमायचं बाबा ही गाडी," ते हळूच म्हणाले. "तू घे. तुला लई आवडलीय. माझं काय, म्हैन्याकाठी येईन कुणाच्या तरी संगं."

मला आधी वाटलं होतं, की त्यांचा "हो" मिळाला म्हणजे झालं. आता तो मिळत होता आणि मला घेववेना.

"काठावरून बसा की बाबा," मेंढपाळ म्हणाला. त्यानं काठीनं ओढ्यावरच्या मोरीकडं दाखवलं. तिला सिमेंटचा कठडा होता, रुंद, कमरेएवढा. त्यावर चढायचं कसं? पण कठड्याच्या टोकाला मातीचा भराव होता. आप्पा एका बाजूनं काठी आणि दुसऱ्या बाजूनं मेंढपाळाचा खांदा धरून चढले आणि उभे राहिले. मी गाडी कठड्याला लावली. आप्पांनी बूड टेकवलं. टेकवलं म्हणजे नुसतं सरकवलं. कठडा आणि सीट सपाट एका रेषेत होते. पाय पलीकडं गेला. सोगा दाबला गेला. "आई गं" नाही.

मी थापांची वाट बघत होतो. थापा आल्या नाहीत.

"अरे," मागून आवाज आला, "जुनीवर मी वरून खाली पडायचो रे. ओटा उंच, ती ठेंगणी. दर खेपंला गुडग्यात कळ यायची." त्यांनी सीटवर हात फिरवला. "ही तर ओट्याच्याच मापाची हाय."

"मग आधी कधी बोलला नाही?"

"बोललो असतो तर तू म्हणला असतास, आप्पा, ऱ्हाऊ द्या आता गावाला जाणं."

हे खरं होतं. मी अगदी असंच, याच शब्दांत म्हणालो असतो. मग दोन थापा पडल्या, जरा जोरातच.

मेंढपाळाला उरलेली पेंड आम्ही देऊन टाकली. शेळ्यांनी ती तशीही घेतलीच होती. तिथून परत वळलो. आप्पांनी गावाला न जाता गाडी फिरवू दिली, असा तो पहिलाच रविवार.

शोरूमच्या दारात सेल्समन उभा होता. त्यानं आधी आम्हाला पाहिलं, मग सायलेन्सर, त्यावरची पांढरी प्लास्टिकची साय, तिच्यात रुतलेली सरकी, माझा रुमाल आणि सीटवरचे दोन छोट्या खुरांचे ठसे. तो वाकला आणि त्यानं वास घेतला.

"सर... ये क्या है?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. भरपाईची तयारी मनात करत होतो, वाक्यही जुळवलं होतं. तेवढ्यात आप्पा त्याच कुंड्यांच्या ओट्यावर उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "हीच द्या आमाला."

"अंकल, ये तो चालवून दाखवायची गाडी आहे. नवीन देतो ना, पॅक."

"नवीला काय करू? हिला आमच्या पेंडीचा वास लागलाय. आता ही दुसऱ्या कुणाच्या घरी नांदायची नाय."

सेल्समननं माझ्याकडं पाहिलं. मी, जो बनियन घेताना तीन भाव घेतो, नुसती मान डोलावली. तो आत जाऊन साहेबांना विचारून आला. साहेब बाहेर आले, त्यांनीही वास घेतला आणि लगेच हो म्हणाले.

आता गाडी आमच्या पार्किंगमध्ये असते. तिला मागं धरायला कडी बसवली, डाव्या बाजूला साडी अडकू नये म्हणून जाळी बसवली, सायलेन्सरवर पत्रा ठोकून घेतला. बायको म्हणते, आता ही डोंगरातून नाही, लग्नाच्या वऱ्हाडातून आल्यासारखी दिसते. तीही अधूनमधून बसते तिच्यावर, ओट्यावरून. मुलगी मात्र मैत्रिणींना सांगते, की ती गाडी आमच्या आजोबांची आहे. मला ते पटत नव्हतं, गावात गेलो तोपर्यंत.

जुनी गावाला गेली नाही. चुलतभाऊ अजून रागावलेला आहे. मला एकट्याला जेव्हा हौसेनं कुठं जावंसं वाटतं, म्हैसमाळला वगैरे, तेव्हा मी जुनी काढतो. कारण नवीच्या टाकीवर आप्पांनी रविवारची पिशवी आदल्या दिवशीच बांधून ठेवलेली असते.

गाडी घेतल्यावर पहिल्या रविवारी आम्ही गावात शिरलो तेव्हा पारावरची माणसं उठून आली. गाडीभोवती कडं झालं. एकानं टायरात बोट घालून बघितलं. दुसरा म्हणाला, "आप्पा, लेकानं लई भारी गाडी घेतली की!"

"लेकानं नाय," आप्पा पाराच्या कट्ट्यावर सरकून उतरत म्हणाले. "मी घेतली. त्याला चालवायला ठेवलंय."

सगळे माझ्याकडं वळले. मी हेल्मेट काढून नमस्कार केला. संध्याकाळी निघताना आप्पा त्याच कट्ट्यावरून बसले, माझ्या खांद्यावर दोन थापा पडल्या, आणि मी गुमान बटन दाबलं.